दोन मडक्यांचा खांदा

बत्तिनी सोमनर्सय्याचा उजवा खांदा पहिल्यांदा निखळला तो ताडावर नाही, तलावाच्या बांधावर. हे ऐकून लोक हसतात. चाळीस-पन्नास फुटांच्या झाडांवर आयुष्य काढलेला माणूस सपाट बांधावर पडतो, यात त्यांना काहीतरी लपवाछपवी वाटते. पण झालं तसंच. बांधावर शेवाळ होतं, पाय घसरला, आणि पडता पडता त्यानं हात मागे टेकला. तेव्हा तो साठीला आला होता.

खांदा निखळल्यावर काय करायचं, हे रेगुलपाडू गावातल्या गौडांना कुणी शिकवावं लागत नाही. ताडी काढणं हा त्यांचा पिढ्यांचा धंदा, त्यामुळे पडणं-झडणंही पिढ्यांचंच. माणसाला बाजेवर पालथं झोपवतात. निखळलेला हात बाजेखाली लोंबू देतात. मनगटाला कापडाची घडी, तिच्यावर दोरी आणि दोरीला ताडीची दोन रिकामी मडकी. मग त्या मडक्यांत तांब्यानं थोडं थोडं पाणी ओतत राहायचं. घाई करायची नाही. आजूबाजूला चार जणांनी बसून गप्पा मारायच्या आणि झोपलेल्यालाही बोलतं ठेवायचं, कारण हाताकडे लक्ष असलं की दंड आवळून येतो. बोलण्याच्या नादात दंड सैल पडला की आतून खट् असा आवाज येतो. मग सगळे म्हणतात, "चढला." पाणी झाडांना घालतात आणि चहा होतो.

सोमनर्सय्याचा खांदा त्या दिवशी असाच चढला. पाणी ओतलं ते त्याच्या बायकोनं, अंडालूनं. आठवडाभर हात गळ्यात बांधून तो फिरला आणि नंतर कामाला लागला.

हात मात्र पहिल्यासारखा राहिला नाही. कंगवा डाव्या हातात आला. जेवताना घास उचलण्यासाठी मान खाली जाऊ लागली. ओट्यावरच्या फळीवरचा डबा काढायला तो अंडालूला हाक मारू लागला. तिनं विचारलं, तर म्हणाला, "वय झालं." गावानंही तेच म्हटलं. खांदा चढला होता, मग तक्रार उरली होती ती वयाचीच.

त्यानंतर खांदा पुन्हा निखळला, सदरा काढताना. मग विहिरीवर दोर ओढताना. मग एकदा झोपेत कूस बदलताना. दर वेळी मडकी, तांब्या, गप्पा आणि खट्. गावानं त्याचं नाव 'दोन मडक्यांचा' असं पाडलं. त्याच्या अंगणात बाज निघालेली दिसली की शेजारणी आपापल्या भाज्या निवडायला घेऊन यायच्या. "अंडालू, आज गप्पांना विषय कुठला?" असं विचारत बसायच्या. वीरास्वामी तर हमखास यायचा. हा अंडालूचा धाकटा भाऊ, त्याच धंद्यातला, पन्नाशीचा, तोंडाळ.

"बावा," बहिणीच्या नवऱ्याला हाक मारत तो म्हणायचा, "दाराला कडी लावतात तशी तुमच्या खांद्याला एक लावून घ्या. रोज रोज अक्काला पाणी भरायला लावता."

"तू बोलत राहा," पालथा पडलेला सोमनर्सय्या म्हणायचा. "तुझ्या बडबडीनं खांदा बसतो. तेवढाच तुझा उपयोग."

हे असं तीन वर्षं चाललं.

चौथ्या उन्हाळ्यात, ताडीचा हंगाम भरात असताना, तो सकाळी नेहमीसारखा झाडावर गेला. ताडावर चढताना गौडाच्या कमरेला आणि झाडाला मिळून एक जाड दोर वेढलेला असतो. त्याला मोकू म्हणतात. दोन्ही हातांनी मोकू वर फेकायचा, त्यावर भार टाकायचा, पाय वर घ्यायचे. सोमनर्सय्या शेंड्याशी पोचला, मोकूवर टेकला आणि रस गळावा म्हणून मागच्या बाजूच्या फुलोऱ्याला काप द्यायला त्यानं डाव्या हाताच्या आधारानं उजवा हात डोक्यावरून मागे नेला. खांदा निखळला. बोटं बधिर झाली आणि सुरी हातातून सुटून खाली गेली.

खाली कुणी नव्हतं, शेळ्या होत्या. हाक मारून उपयोग नव्हता. एका हातानं मोकू खाली सरकवता येत नाही. तिथे थांबलं तर ऊन चढणार आणि घाम आला की पकड जाणार. त्यानं डाव्या हातानं शेंड्याला बांधलेलं ताडीचं मडकं सोडवलं, त्याची दोरी उजव्या मनगटात अडकवली आणि हात लोंबू दिला. एक पुरेना. दुसऱ्या मडक्यातली ताडी पहिल्यात ओतून भार वाढवला.

"सगळं होतं," पुढे तो सांगायचा, "पण गप्पा मारायला कुणी नव्हतं. न बोलता खांदा कसा चढेल? मग मी वीरास्वामीला शिव्या घालायला सुरुवात केली. त्याच्या लग्नापासून सुरू केलं. त्यानं लग्नात माझी चप्पल नेली होती, तिथपर्यंत आलो, आणि खट्."

तो खाली उतरला. ताडी सांडली नव्हती. घरी येऊन त्यानं मडकं ओसरीवर ठेवलं आणि काहीच न झाल्यासारखा पाणी प्यायला. अंडालूनं त्याच्या कमरेकडे पाहिलं.

"सुरी कुठाय?"

"आहे."

"कुठे आहे?"

"झाडाखाली."

सुरी पडू देणारा गौड नसतो. सुरी पडली म्हणजे हात गेला, हे तिला सांगावं लागलं नाही. ती आत गेली. खांद्यासाठी वेगळी ठेवलेली ती दोन मडकी तिनं काढली, एकात चिंच भरली, दुसऱ्यात मीठ, आणि दोन्हींवर झाकणं ठेवली.

"आता निखळला तर मडकी नाहीत," ती म्हणाली. "दवाखाना आहे."

सोमनर्सय्या दवाखान्याला घाबरत नव्हता. त्याची भीती वेगळी होती. रेगुलपाडूत संक्रांतीनंतर काटमय्याच्या देवळापुढे झाडांची वाटणी होते. काटमय्या हा गौडांचा देव. तिथे संघाचा म्हातारा प्रमुख कोमुरय्या एकेकाचं नाव पुकारतो. ज्याला झाडं हवीत त्यानं त्या दिवशी झाडाला स्वतःच्या हातानं पहिला काप द्यायचा. मुलगा चालत नाही, गडी चालत नाही. ज्याचा काप पडला नाही त्याचं नाव गेलं. मग तो गावात राहू शकतो, सणाला ताडी पिऊ शकतो, पण काढू शकत नाही. सोमनर्सय्याला मुलगा नव्हता. एक मुलगी, ती जनगावला दिलेली. नाव गेलं की घरातून धंदाच गेला. डॉक्टरनं एकदा 'हा हात निकामी' असं म्हटलं, की ती बातमी त्याच्याआधी गावात पोचेल आणि कोमुरय्या नाव पुकारणारच नाही, असं त्याला वाटत होतं.

अंडालूनं पुढच्या वेळेची वाट न पाहता त्याला हनमकोंड्याच्या दवाखान्यात नेलं. या भीतीमुळेच तिथे डॉक्टर करुणाश्रींनी "किती वेळा निखळला?" असं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "दोनदा."

"खोटं," शेजारच्या खुर्चीवरून अंडालू म्हणाली.

"मग तीनदा."

"डॉक्टरम्मा, पाणी मी ओतते. मला विचारा. दोन्ही हातांची बोटं संपली, मग मी मोजायचं सोडलं."

"पाणी?" डॉक्टरांनी विचारलं.

मग मडक्यांची सगळी हकिकत निघाली. डॉक्टर हसल्या नाहीत. त्या महबूबाबादकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. मडकी, बाज वगैरे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

"पेद्दय्या, रीत चुकीची नाही," वडीलधाऱ्याला हाक मारावी तशा त्या म्हणाल्या. "आमच्या पुस्तकातही आहे. मडक्याच्या जागी वजन, एवढाच फरक. पण पुस्तकात त्याच्यापुढे आणखी एक पान आहे. चाळिशी ओलांडलेल्या माणसाचा खांदा बसवला, की थोड्या दिवसांनी त्याला हात बाजूनं उचलून दाखवायला सांगायचं. उचला."

सोमनर्सय्यानं उजवा हात बाजूनं उचलला. तो कमरेपासून वीतभर वर आला आणि थांबला. त्यानं मान वाकडी केली, खांदा कानाकडे ओढला, दात आवळले. हात तिथेच.

"हे वय नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हे फाटलंय."

मोठ्या यंत्रात घालून काढलेली चित्रं त्यांनी दुसऱ्या दिवशी त्याला दाखवली. खांद्याची वाटी उथळ असते, दंडाचं हाड तिच्यावर टेकलेलं असतं, डोक्यावरच्या चुंबळीवर मडकं असावं तसं. "तरुण पोराचा खांदा निखळतो तेव्हा बहुतेक चुंबळीची कड तुटते. तुमची चुंबळ जवळपास शाबूत आहे. पण मडकं चुंबळीवर एकटं राहतं का? वरून हात लागतो. तो हात म्हणजे हाडाला चहूकडून धरून ठेवणारे स्नायूंचे पट्टे. तुमचे दोन पट्टे हाडापासून सुटलेत. बहुधा पहिल्याच दिवशी, बांधावर. तुम्ही मडकं पुन्हा पुन्हा चुंबळीवर ठेवताय आणि धरायला कुणी नाही. ते पडणारच."

"म्हणजे चढला म्हणजे बरा झाला असं नाही," सोमनर्सय्या हळूच म्हणाला.

"नाही."

"तीन वर्षं आम्ही नुसता चहा पीत होतो," अंडालू म्हणाली.

उपाय दोन होते. सुटलेले पट्टे ओढून हाडापर्यंत येत असतील तर हाडात छोट्या खुंट्या बसवून दोऱ्यांनी पुन्हा शिवायचे. इतक्या उशिरा ते आखडून गेलेले असतील तर शिवण टिकत नाही. मग सांधाच बदलायचा, तोही उलटा: वाटीच्या जागी गोळा बसवायचा आणि दंडाच्या हाडाला वाटी, म्हणजे फाटलेल्या पट्ट्यांवाचून हात उचलता येतो. खांदा निखळण्याची भीती त्यानं बरीच कमी होते. पण असल्या सांध्यावर झाडावर चढायचं नाही, सुरीचा जोर द्यायचा नाही.

"चित्रात स्नायू अजून जिवंत दिसताहेत," डॉक्टर म्हणाल्या. "मी शिवायचा प्रयत्न करणार. पण आत गेल्यावर जे दिसेल ते. दोन्हीची तयारी ठेवते."

"शिवा," सोमनर्सय्या म्हणाला.

"आणि शिवता आलं नाही तर?"

त्यानं उजवं मनगट डाव्या हातात धरलं. "तर दुसरं करा. पण आधी जोर लावून ओढून बघा. ओढल्याशिवाय येत नाही म्हणू नका."

डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं. "ओढून बघेन," त्या म्हणाल्या. मग कागद पुढे ओढला. "ताडी किती घेता रोज?"

"चाखतो. धंदा आहे, चाखावी लागते."

"चाखता म्हणजे किती?"

"मडकंभर चाखतात," अंडालू म्हणाली.

ताडी बंद झाली. आषाढात, ताडाचा हंगाम संपत आल्यावर, शस्त्रक्रिया झाली. उन्हाळ्यातली त्याची झाडं वीरास्वामीनं उरकली होती आणि त्याबद्दल तो चारचौघांत बोलून घेत होता. सोमनर्सय्याला मानेपाशी सुई देऊन हात बधिर केला आणि मग झोपवलं. खांद्याला बोटभर रुंदीची भोकं पाडून दुर्बिणीतून सगळं काम झालं. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिल्यांदा डाव्या हातानं उजवा हात चाचपला. उजव्याला स्पर्श कळला नाही. बधिर हात दुसऱ्या कुणाचा तरी आपल्या पोटावर ठेवलाय असं त्याला वाटलं, आणि तो अंडालूला म्हणाला, "हा कुणाचा आहे त्याला देऊन टाक."

संध्याकाळी डॉक्टर आल्या. वरचा पट्टा पूर्ण शिवला होता. पुढचा आखडला होता. ओढून ओढून निम्म्याच्या वर आला, पुढे येईना. जेवढा आला तेवढा शिवला.

"सांधा बदलला नाही?"

"नाही. तुमचाच आहे. खांदा आता सहजासहजी निखळायचा नाही. पण जोर पूर्वीचा येणार नाही, आणि हात डोक्याच्या मागे कधीच न्यायचा नाही. कळलं? कधीच."

"मोकू?"

"मोकू नाही. ताड बंद, पेद्दय्या."

 तेवढ्यात वीरास्वामी भेटायला आला. त्याच्या हातातल्या पाण्याच्या बाटलीतलं पाणी दुधाळ होतं. परिचारिकेनं झाकण उघडून वास घेतला आणि बाटलीसकट त्याला जिन्यापर्यंत पोचवलं. जिन्यावरून तो ओरडला, "बावा, औषध होतं ते! फेसाचं औषध!"

सहा आठवडे हात गळ्यातल्या पट्ट्यात होता. अंडालू त्याला घास भरवायची नाही. "डावा आहे ना?" म्हणायची. पट्टा निघाल्यावर दवाखान्यात हालचाली शिकवल्या. टेबलावर हात ठेवून पुढे सरकवायचा. डाव्या हातात काठी धरून तिनं उजवा ढकलायचा. एक हालचाल त्याला हास्यास्पद वाटली: पंच्याची घडी काखेत दाबायची, कोपर बरगड्यांना चिकटवायचं आणि कोपरापासून पुढचाच हात बाहेर-आत फिरवायचा, कवाडासारखा. घडी पडली तर हात चुकला.

सोपं म्हणून त्याला ते पटलं नाही. भाद्रपदात एका दुपारी अंडालू शेतातून आली तेव्हा हा अंगणातल्या कडुलिंबाला मोकू घालून उभा होता. चढला नव्हता. दोर फेकून बघत होता, खांद्याच्या उंचीवर. चेहरा पांढरा पडला होता.

"काय चाललंय?"

"बघत होतो."

"काय बघत होता? शिवण उसवते का ते?" तिनं त्याच्या हातातून मोकू ओढून घेतला. "पुढच्या वेळी डॉक्टरम्मा काय शिवणार? चिंध्या? दोन मडकी गेली, आता हा दोर पण चिंचेत टाकू का?"

"अंडालू, संक्रांतीला नाव पुकारतील. मी काय सांगू? माझा हात टेबलावर छान सरकतो?"

"काय सांगायचं ते ठरवायला चार महिने आहेत. दोर फेकायला एक घटका पुरते आणि मोडायलाही." ती वाद घालत बसली नाही. मोकूची गाठ सोडून तिनं दोर सरळ केला आणि कडुलिंबाच्या फांदीवरून टाकला. दोन टोकं खाली आली. "हे धरा. डाव्यानं ओढा, उजवा वर जाईल. दवाखान्यात दोराला चाक होतं, इथे फांदी आहे. मोकू वापरायचाय ना? वापरा."

त्या दिवसापासून मोकू फांदीवरच राहिला. सोमनर्सय्या सकाळ-संध्याकाळ त्याच्याखाली उभा राहून डाव्यानं ओढायचा, उजवा वर जायचा. आधी छातीपर्यंत, मग हनुवटीपर्यंत. पंच्याची घडी काखेत धरून तो आता ओसरीवर बसून राहायचा, लोक आले तरी. वीरास्वामी विचारायचा, "काखेत अंडं उबवताय काय, बावा?" तो घडी आणखी घट्ट दाबायचा. त्याला मोजायचं होतं, हात कुठवर जातो ते.

मार्गशीर्षात तो तपासणीला गेला तेव्हा त्यानं सोबत सुतळी नेली होती. "डॉक्टरम्मा, जोर लावून काम करायचं तर हात कुठवर न्यायचा ते सांगा. नीट सांगा. थोडं कमी, थोडं जास्त असं नको."

डॉक्टरांनी त्याला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं, हात फिरवून पाहिला, जोर लावायला सांगितला, आपल्या हातानं अडवून पाहिला. मग छातीच्या थोड्या वर, काखेच्या रेषेत, चौकटीवर पेननं खूण केली. "इथपर्यंत. कोपर अंगाजवळ ठेवून. याच्या वर वजन नाही, जोर नाही."

त्यानं जमिनीपासून त्या खुणेपर्यंत सुतळी ताणली आणि गाठ मारली. घरी येऊन त्या मापाचा बांबू तोडला.

दुसऱ्या दिवसापासून तो बांबू घेऊन तलावाच्या बांधावर फिरताना दिसू लागला. बांधावर शिंदीची झाडं आहेत. शिंदीचा रस ताडाइतका भरत नाही, काटे बोटभर, आणि लहान झाडांचा काप इतका खाली येतो की मडकं येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाताशी. त्यामुळे बांधावरची बुटकी शिंदी कुणी मागत नव्हतं. तिला 'बसक्या झाडांचा माळ' म्हणायचे. सोमनर्सय्या एकेका झाडाला बांबू लावायचा. काप बांबूच्या वर गेला तर पुढे जायचा. खाली राहिला तर थांबायचा. निवडलेल्या झाडांच्या एका बाजूच्या झावळ्या त्यानं उतरवल्या, साल सोलून अंग उघडं केलं आणि वाळू दिलं. शिंदीला कापाआधी ही तयारी लागते. काम त्यानं सावकाश केलं, काखेत घडी धरून. घडी पडली की सुरी खाली ठेवायची, घडी उचलायची, पुन्हा लावायची. पहिल्या झाडाला एक सकाळ पुरली नाही. शेवटची झाडं पटापट झाली.

वाटणीच्या दिवशी काटमय्याच्या देवळापुढे सगळे गौड आपापले मोकू खांद्यावर टाकून उभे होते. सोमनर्सय्याच्या खांद्यावर पंचा होता आणि हातात बांबू.

कोमुरय्यानं नाव पुकारलं. "बत्तिनी सोमनर्सय्या. कुठली झाडं?"

"बांधावरची शिंदी. तीस झाडं, अंग सोलून ठेवलीयत."

माना एकमेकांकडे वळल्या. मग वीरास्वामी हसला. "शिंदी? ती बसकी? बावा, त्याला झाड म्हणतात का? शेळी चढेल त्याच्यावर."

"मग शेळीचं नाव पुकारा."

"जाता-येता कुत्रं तोंड घालील मडक्यात."

"मी खाली बसणार आहे. कुत्र्याला पण ओळखतो आणि तुला पण."

आता सगळेच हसले. वीरास्वामी हसला नाही. "चेष्टा नाही, बावा. नियम काय आहे? चढतो तो गौड. उद्या कुणीही येईल, खुर्ची टाकून ताडी काढीन म्हणेल. कोमुरय्या, तुम्हीच सांगा."

कोमुरय्या ऐंशीच्या घरातला. तो काठीवर टेकून विचार करत उभा राहिला. सोमनर्सय्यानं वाट पाहिली नाही. "नियम मला पाठ आहे," तो म्हणाला. "पहिला काप स्वतःच्या हातानं. किती उंचीवर, हे कुणी म्हटलेलं नाही. तुमच्या बापानं म्हटलं असेल तर सांगा."

"नाही म्हटलं," कोमुरय्या म्हणाला. मग काठी उचलून म्हणाला, "पण काप दिसला पाहिजे. चल."

सगळा संघ बांधावर गेला. सोमनर्सय्या पहिल्या झाडापाशी थांबला. त्यानं बांबू झाडाला लावून दाखवला नाही. आता त्याला गरज नव्हती. पंच्याची घडी करून उजव्या काखेत धरली.

"आता हा ताप मोजणार," कुणीतरी मागून म्हणालं.

त्यानं सुरी घेतली. कोपर बरगडीला लावलं. ताडावर काप देताना सगळा दंड फिरतो. इथे मनगट आणि कोपराच्या पुढचा हात फिरला, कवाडासारखा. पहिली ओढ उथळ गेली, साल नुसती खरवडली. मागे कुजबुज झाली. अंडालू बायकांत उभी होती. ती पदर तोंडाशी नेऊन थांबली. त्यानं पाय थोडे पुढे घेतले, छाती झाडाजवळ आणली, म्हणजे हाताला लांब जावं लागू नये. दुसरी ओढ. शिंदीच्या पांढऱ्या अंगातून कागदासारखी पातळ चकती सुटली आणि खाली पडली. तिसरी ओढ तिच्या खाली, तशीच. कापाच्या दोन्ही कडा मिळून खाली चोच झाली.

घडी काखेतच होती.

कोमुरय्या वाकला, चकती उचलली, उजेडाकडे धरली. तिच्यातून तलाव दिसत होता. मग त्यानं कापाच्या चोचीवर बोट ठेवलं आणि थांबला. बोट ओलं झालं की नाही हे मागच्यांना दिसलं नाही. त्यानं बोट तोंडात घातलं.

"बांधावरची तीस शिंदी, बत्तिनी सोमनर्सय्या," तो म्हणाला. "पुढचा कोण?"

माणसं ताडांकडे निघाली. सोमनर्सय्यानं घडी काढून पंचा झटकला, डाव्या खांद्यावर टाकला आणि दुसऱ्या झाडाकडे वळला. वीरास्वामी मागे रेंगाळला होता. मोकू एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेत तो म्हणाला, "बावा, हा माझा डावा खांदा हल्ली रात्री ठणकतो. गेल्या महिन्यात बैलानं ओढला होता. वयच झालं म्हणा."

सोमनर्सय्यानं सुरी खाली केली.

"हात उचलून दाखव. बाजूनं."

"आता? इथे?"

"इथेच."

वीरास्वामीनं आजूबाजूला पाहिलं आणि हात उचलला. तो वर वर जाऊन कानाला टेकला.

"मग चढ झाडावर," सोमनर्सय्या म्हणाला आणि पंच्याची घडी पुन्हा काखेत धरली.